मुठीतल्या कवड्या आणि आकाशातले स्रोत

खरे ठरलेले विधान आणि ज्ञान या दोन गोष्टी एकच का, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनांनी होते आणि ते यथार्थ आहे असे कशावरून मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, फार जुना आहे. न्यायदर्शनाने यथार्थ अनुभवाला ‘प्रमा’ म्हटले आणि वस्तू जशी असेल तशी कळणे हे तिचे लक्षण ठरवले. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात अशा लक्षणांवर जे आक्षेप घेतले, त्यांपैकी एक मुठीतल्या कवड्यांचा आहे. मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत असे विचारल्यावर एखाद्याने ‘पाच’ असे ठोकून दिले आणि मूठ उघडल्यावर त्या पाचच निघाल्या, तर त्याचे उत्तर वस्तूला धरून होते यात वाद नाही. पण त्याला संख्या कळली होती असे कोणी म्हणणार नाही. त्याच जातीचा दुसरा दाखला धुक्याचा आहे. धुक्याला धूर समजून एखाद्याने डोंगरावर विस्तव असल्याचे अनुमान केले आणि तेथे विस्तव खरोखरच असला, तर निष्कर्ष खरा आणि त्याचा आधार खोटा अशी विचित्र जोडी तयार होते. मराठीत अशा जुळणीला काकतालीय म्हणतात आणि विषय तेथेच सोडतात. तत्त्वज्ञानाला मात्र तो सोडता येत नाही, कारण काकतालीय सत्य आणि ज्ञान यांच्यामधली भिंत नेमकी कशाची आहे हे त्याला सांगावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा प्रश्न अगदी मोजणीच्याच रूपात उभा राहिला तो रेडिओ खगोलशास्त्रात. आकाशातील ज्या जागांकडून रेडिओ लहरी विशेष जोराने येतात त्यांना रेडिओ स्रोत म्हणतात. आकाशाचा मोठा भाग पद्धतशीरपणे धुंडाळून असे स्रोत, त्यांची स्थाने आणि त्यांच्या तीव्रता यांची यादी करणे म्हणजे सर्वेक्षण. या याद्यांना त्या काळी एवढे महत्त्व आले याचे कारण विश्वाला आरंभ आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या आधारे सोडवता येईल अशी आशा होती. हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थायी अवस्था सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि त्याचे एकंदर रूप सर्वकाळ तेच राहते. याच्या विरुद्ध बाजूला एका दाट, तप्त आरंभाची कल्पना होती, आणि पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये पाँटिफिकल अकादमीपुढील भाषणात तिचा संबंध सृष्टिकर्त्याच्या सिद्धतेशी जोडल्यामुळे वादाला धर्माचाही रंग चढला होता. ज्यांनी ही कल्पना प्रथम मांडली ते बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांना ही जोडणी रुचली नव्हती, हेही नोंदवायला हवे.

मोजणीतून विश्वाचा इतिहास कसा कळावा, हे थोडक्यात असे सांगता येते. सगळे स्रोत सारख्या बळाचे आहेत आणि अवकाशात सारख्या दाटीने विखुरलेले आहेत असे धरले, तर अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते आणि तेवढ्या अंतराच्या गोलात मावणारे आकारमान आठपट होते. म्हणून तीव्रतेची मर्यादा चौथाईवर आणली की यादीतली संख्या आठपट व्हावी. स्रोतांची बळे वेगवेगळी असली तरी हे प्रमाण बदलत नाही. स्थायी अवस्थेच्या प्रसरणशील विश्वात दूरचे स्रोत आणखी मंदावतात, त्यामुळे संख्या आठपटीपेक्षा कमीच वाढावी. ती आठपटीपेक्षा अधिक वाढत असेल, तर दूर अंतरावर, म्हणजे प्रकाशाला लागणाऱ्या वेळामुळे दूरच्या भूतकाळात, स्रोत आजच्यापेक्षा अधिक किंवा अधिक बलवान असले पाहिजेत. आणि भूतकाळ वर्तमानापेक्षा वेगळा निघाला की स्थायी अवस्था कोसळते. मार्टिन राइल यांच्या केंब्रिजमधील गटाने ३.७ मीटर तरंगलांबीवर केलेले दुसरे सर्वेक्षण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात १,९३६ स्रोत होते, आणि तीव्रता चौथाई केल्यावर त्यांची संख्या आठपट नव्हे, तर जवळपास चौसष्टपट वाढत होती. राइल यांनी त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हॅली व्याख्यानात स्थायी अवस्थेच्या विरोधात निकाल जाहीर केला.

दोन वर्षांत तो निकाल उलटला. सिडनीजवळ फ्लर्स येथे बर्नार्ड मिल्स यांनी उभारलेल्या क्रॉसच्या आकाराच्या दुर्बिणीने मिल्स आणि ब्रूस स्ली यांनी ३.५ मीटर तरंगलांबीवर दक्षिणेकडचे आकाश मोजले, आणि दोन्ही दुर्बिणींना दिसणाऱ्या सामाईक पट्ट्यात दोन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा बहुतेक नोंदी एकमेकींशी जुळेनात. सिडनीच्या यादीत संख्यावाढ आठपटीच्या थोडीच वर होती, आणि उरलेला फरक मोजणीतल्या चुकांनी पडू शकतो असे तिच्या कर्त्यांचे मत होते. कुमारिलभट्टाच्या मीमांसेची परिभाषा या प्रसंगाला चपखल बसते. कुमारिलाच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, म्हणजे ज्ञान उपजते तेच खरेपणाचा दावा घेऊन. तो दावा मागे घ्यावा लागतो तो दोनच कारणांनी, एक तर त्याला खोडणारे दुसरे ज्ञान झाले म्हणून, ज्याला बाधकज्ञान म्हणतात, किंवा ज्या साधनाने ते ज्ञान झाले त्यातच दोष असल्याचे कळले म्हणून, ज्याला कारणदोषज्ञान म्हणतात. सिडनीची यादी ही बाधकज्ञान होती. गंमत अशी की, जगाला कधीकाळी निर्मिती झाली ही कल्पना नाकारून ते आज आहे तसेच सदैव होते असे मानणारे दर्शनही कुमारिलाचेच. वाद ऐकता आला असता तर तो बहुधा हॉइल यांच्या बाकावर बसला असता.

बाधकज्ञानाने एवढेच कळते की दोहोंपैकी कोणीतरी चुकत आहे. चूक कोठे आहे हे दोष सापडल्याशिवाय कळत नाही. केंब्रिजच्या चुकीचा दोष पुढे ज्या नावाने ओळखला गेला त्याला मराठीत मिसळण किंवा सरमिसळ म्हणता येईल. दुर्बीण आकाशाच्या एका बिंदूकडे पाहत नाही, ती एका ठिगळाकडे पाहते. त्या ठिगळाला तिची शलाका म्हणतात, आणि लांब तरंगलांबीवर काम करणाऱ्या त्या काळच्या उपकरणांची शलाका चंद्रबिंबाच्या कितीतरी पट मोठी होती. एका ठिगळात अनेक मंद स्रोत एकदम आले की उपकरण त्यांची बेरीज दाखवते आणि यादी करणारा त्या बेरजेला एक तेजस्वी स्रोत म्हणून नोंदवतो. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त असलेली वस्तू न दिसण्याची जी आठ कारणे सांगितली आहेत, त्यांत अतिदूरता, सूक्ष्मता, आड येणारा पडदा, दुसऱ्याच्या तेजाने झाकून जाणे यांच्या बरोबरीने शेवटचे कारण येते समानाभिहाराचे, म्हणजे सारख्याच्या राशीत मिसळून जाण्याचे. गौडपादाच्या भाष्यात त्यासाठी मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगाचे उदाहरण आहे, वाचस्पतिमिश्राने तळ्यात पडलेल्या पावसाच्या थेंबांचे दिले आहे. यातले दुसरे अधिक नेमके म्हणावे लागेल, कारण राशीतला मूग शोधत बसले तर निवडून काढता येतो, थेंब मात्र तळ्याची पातळी वाढवून नाहीसा होतो. सांख्यांना रेडिओ लहरी ठाऊक होत्या असा याचा अर्थ कोणी काढू नये. असे अर्थ काढण्याची हौस आपल्याकडे भरपूर आहे आणि तिने ना सांख्य कळते ना खगोलशास्त्र. मुद्दा एवढाच की, न दिसण्याचे प्रकार विचारपूर्वक वेगळे करण्याचे काम या परंपरेने केले आहे आणि त्या भेदांचा उपयोग आजही होतो.

न दिसण्यापेक्षा भलते दिसणे अधिक घातक, आणि त्याचा विचार भारतीय दर्शनांत ख्यातिवादात होतो. ख्यातिवाद म्हणजे भ्रमात नेमके काय भासते याविषयीची मते. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा, नैयायिक म्हणतात, चांदी कोठेतरी खरोखर असते, फक्त ती येथे नसताना येथे भासते. रेडिओ दुर्बिणीची शलाका स्वच्छ कापलेली नसते. मुख्य दिशेच्या आजूबाजूलाही तिला थोडेफार ऐकू येते, आणि त्यामुळे हंस तारकासमूहातील सिग्नस ए सारख्या अतिप्रखर स्रोताचा अंश भलत्याच जागी बारीक स्रोत बनून उमटतो. येथे नैयायिकांचे म्हणणे अक्षरशः लागू पडते: तेज खरे आहे, ठिकाण खोटे आहे. गोंगाटाचे, म्हणजे उपकरणाच्या व आकाशाच्या निव्वळ खळबळीचे, एखादे शिखर मर्यादेच्या वर डोकावले आणि यादीत गेले, तर त्यामागे कोठेही काहीच नसते. ज्याला असत्ख्याति म्हणतात, म्हणजे नसलेल्याचेच भासणे, ती ही. मिसळणीचे स्पष्टीकरण मात्र प्रभाकर या दुसऱ्या मीमांसकाच्या अनुयायांकडे सर्वांत चांगले मिळते. त्यांच्या मते भ्रम नावाचे खोटे ज्ञान असे काही नसतेच. दोन ज्ञाने असतात, दोन्ही आपापल्या परीने खरी, आणि चूक एवढीच होते की त्यांच्यातला भेद पकडला जात नाही. प्रभाकरमतात या दोहोंपैकी एक स्मृती असते आणि दुर्बिणीला स्मृती नसते, म्हणून साम्य पुरते नाही. परंतु मिसळणीत उपकरणाने काहीही खोटे नोंदवलेले नसते, प्रत्येक लहर खरी असते, आणि यादीतली नोंद तरीही खोटी असते, ही गोष्ट इतर कोणत्याही ख्यातिवादापेक्षा त्या मताने अधिक स्वच्छ उलगडते. केंब्रिजच्या यादीत मंद स्रोतांची अशी मोळी बांधली गेल्यामुळेच संख्या चौसष्टपट फुगली होती.

दुरुस्ती कशी करायची, या प्रश्नावर खरा तात्त्विक पेच सुरू होतो. दोरीवर साप दिसला तर दिवा आणायचा. दोरी दिसली की साप जातो. वेदान्तापासून न्यायापर्यंत सगळ्यांनी भ्रमनिरासाचे हेच चित्र गृहीत धरले आहे, की खऱ्या वस्तूचे दर्शन हाच भ्रमाचा नाश. मिसळणीच्या बाबतीत दिवा आणणे म्हणजे शलाका बारीक करणे, अर्थात अधिक मोठी दुर्बीण बांधणे, आणि ते काम वर्षानुवर्षांचे. १९५५ च्या मूळ विश्लेषणात राइल यांचे सहलेखक असलेले तरुण पीटर शॉयर यांनी १९५७ मध्ये वेगळीच वाट काढली. त्यांनी स्रोत ओळखण्याचा प्रयत्नच सोडून दिला. दुर्बीण आकाशावरून फिरताना आलेख वर-खाली होतो. लहान हेलकावे किती, मोठे किती, अतिमोठे किती, याचे वाटप काढले तर ते स्रोतांच्या संख्यावाढीच्या नियमावर अवलंबून असते, आणि कोणता नियम धरला असता मिसळणीसकट नेमके असे वाटप येईल हे गणिताने सांगता येते. या रीतीने त्याच केंब्रिजच्या आलेखांतून उत्तर आले ते चौसष्टपटीचे नव्हे, बारापटीच्या आसपासचे. एकही स्रोत नीट न ओळखता सगळ्या स्रोतांविषयी खरे विधान करता आले. साप कोणता आणि दोरी कोणती हे शेवटपर्यंत कळले नाही, पण अंगणात साप किती आणि दोऱ्या किती हे कळले.

अशा ज्ञानाला प्रमा म्हणावे काय? वस्तू जशी असेल तशी कळणे हे लक्षण धरले तर अडचण येते, कारण येथे कोणतीही वस्तू कळलेली नाही. दुसरीकडे, १,९३६ नोंदींची यादी करणाऱ्याला एकेक वस्तू कळली असे वाटत होते आणि त्यातल्या बहुतेक नोंदी मिथ्या होत्या. या दोहोंतून एक गोष्ट निघते, जी यादी हाताळणारा सहज विसरतो: यादी प्रत्यक्षासारखी दिसते, पण ती अनुमान असते. क्रमांक, स्थान, तीव्रता अशा रकाने आखलेल्या ओळी वाचताना जणू प्रत्येक ओळीमागे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी आहे असा भास होतो. वस्तुतः प्रत्येक ओळ म्हणजे ‘येथे एकच स्रोत असावा’ असा तर्क आहे आणि तो हेत्वाभासांना, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या खोट्या आधारांना, इतर कोणत्याही अनुमानाइतकाच उघडा आहे. शॉयर यांनी अनुमानाला अनुमान म्हणून वागवले, हा त्यांच्या रीतीचा मोठेपणा होय.

याच्या पुढचा पेच अधिक सूक्ष्म आहे आणि तो रेडिओ दुर्बिणींच्या कितीतरी आधी, १९१३ मध्ये, आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांच्या गणनेसंदर्भात ओळखला होता. उपकरण निर्दोष आहे, त्याची चूक कधी वर कधी खाली अशी समतोल आहे, आणि शलाका इतकी बारीक आहे की मिसळण नाही, असे समजू. एखाद्या स्रोताची तीव्रता १० एकके मोजली गेली आणि मोजणीतली चूक साधारण २ एककांची आहे. तर खरी तीव्रता ८ असण्याची आणि १२ असण्याची शक्यता सारखीच, असे सहज वाटते. ते चूक आहे. एकसारख्या विखुरलेल्या स्रोतांत ८ एककांचे स्रोत १२ एककांच्या सुमारे पावणेतीनपट असतात, म्हणून १० च्या नोंदीमागे खालून वर चढलेला स्रोत असण्याचा संभव वरून खाली आलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. साऱ्या यादीवर याचा परिणाम असा की, मर्यादेजवळ संख्या फुगते आणि वाढीचा दर खऱ्यापेक्षा चढा दिसतो. कुमारिलाच्या दोन कारणांत ही चूक कोठे बसवावी हे ठरत नाही: साधनात दोष नाही, वस्तूत दोष नाही, द्रष्ट्याचे मन विचलित झालेले नाही, दोष आहे तो एवढ्याएवढ्याच्या वर असतील तेच घ्यायचे या निवडीत. समूह निश्चित चुकलेला आहे आणि त्यातली कोणतीही एक नोंद चुकलेली आहे असे दाखवता येत नाही. धर्माने क्वेकर असलेल्या एडिंग्टन यांनी १९२९ मध्ये विज्ञान आणि अदृश्य जग या विषयावर स्वार्थमोर व्याख्यान दिले. परंतु व्यक्तीला हात न लावता समूहाचे शुद्धीकरण करणारे त्यांचे १९१३ चे सूत्र तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने त्या व्याख्यानापेक्षा अधिक खोल आहे, असे मानायला जागा आहे.

या शुद्धीकरणाला एक किंमत द्यावी लागते. किती वजा करायचे हे खऱ्या वाटपावरून ठरते, आणि खरे वाटप हेच तर शोधायचे असते. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून दुसरे सिद्ध करणे आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिले, याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. आधुनिक रेडिओ दुर्बिणींत तर हा अन्योन्याश्रय रोजच्या कामाचा भाग झाला आहे. अनेक अँटेनांच्या जाळ्यात प्रत्येक अँटेनाच्या माथ्यावरचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युत्भारित वरचा थर, लहरींना वेगवेगळा उशीर लावते. तो उशीर काढून टाकायला आकाशाचे चित्र ठाऊक हवे, आणि आकाशाचे चित्र काढायला उशीर ठाऊक हवा. स्व-कॅलिब्रेशन नावाच्या पद्धतीत कच्च्या चित्रावरून उशीर काढतात, त्या उशिरावरून सुधारलेले चित्र काढतात, आणि चित्र स्थिरावेपर्यंत हे आलटून पालटून करतात. नैयायिक येथे बोट ठेवील, आणि त्याला दिलेले उत्तर मनोज्ञ आहे: पुण्याजवळ नारायणगाव-खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, अज्ञात उशीर फार तर ३० आणि मोजमापे ४३५. शिवाय कोणत्याही तीन अँटेनांच्या त्रिकोणाभोवती फेरी मारून बेरीज केली तर त्या तिघींचे उशीर आपोआप कटतात, हे रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. दोघेच साक्षीदार एकमेकांची ग्वाही देत असतील तर तो अन्योन्याश्रय. शेकडो साक्षी एकमेकींत अडकलेल्या असतील आणि तरी जुळत असतील, तर ती जुळणी स्वतःच पुरावा होते. अर्थात, सगळ्या साक्षींना सामाईक असलेली चूक या जुळणीतून सुटते, आणि तिची आठवण पुढे ठेवावी लागेल.

मापालाच माप कोठून आणायचे, ही अनवस्थेची, म्हणजे कधीच न थांबणाऱ्या मागणीची, अडचणही तितकीच खरी आहे. तीव्रता मोजायची ती एखाद्या प्रमाण स्रोताशी तुलना करून, आणि दीर्घकाळ असा एक प्रमाण स्रोत होता शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए, हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. तो अवशेष पसरतो आहे म्हणून त्याचे रेडिओ तेज कमी होत जावे असे इओसिफ श्क्लोव्स्की यांनी भाकीत केले आणि १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मोजमापांतून ते वर्षाला सुमारे एक टक्क्याने कमी होत असल्याचे दिसले. ज्या शेराने धान्य मोजायचे तो शेरच वर्षागणिक झिजत असल्याचे कळल्यावर करायचे काय? शेर टाकून दिला गेला नाही. झीज मोजली गेली, आणि जुन्या नोंदी कोणत्या वर्षाच्या आहेत हे पाहून त्या दुरुस्त करण्यात आल्या. अनवस्था तोडण्यासाठी अढळ पाया लागतो ही समजूत येथे निकामी ठरते.

आता कवड्यांकडे परत येता येते. राइल यांच्या गटाने १९६१ मध्ये नव्या, अधिक बारीक शलाकेच्या निरीक्षणांवरून पुन्हा मोजणी मांडली; मंद स्रोतांसाठी अँटनी ह्यूइश यांनी शॉयर यांचीच सांख्यिकी रीत वापरली, आणि वाढ बारापटीच्या आसपास ठरली, आठपटीपेक्षा स्पष्टपणे अधिक. विश्व पूर्वी वेगळे होते, हा निष्कर्ष १९५५ चाच. १९५५ मध्ये तो खरा होता आणि १९६१ मध्येही खराच होता. पण पहिल्यांदा तो मुठीतल्या कवड्यांसारखा, धुक्यावरून केलेल्या अग्नीच्या अनुमानासारखा होता. मधल्या सहा वर्षांत बदलले ते इतकेच की आपली चूक कोठून येते आणि किती असते हे मोजणाऱ्यांना कळले. काकतालीय सत्य आणि ज्ञान यांच्यामधली भिंत या प्रकरणात तरी वस्तूच्या अधिक स्पष्ट दर्शनाची बनलेली नाही. ती चुकीच्या मापाची बनलेली आहे. श्रीहर्षाला हे उत्तर पुरले असते असे नाही, कारण चुकीचे माप बरोबर आहे हे कशावरून, असे त्याने लगेच विचारले असते.

आणि तसे विचारणारे त्या वेळीही होतेच. कोल्हापुरात जन्मलेले आणि तेव्हा केंब्रिजमध्ये हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी असलेले जयंत नारळीकर यांनी हॉइल यांच्यासह १९६१ मध्ये असा पर्याय मांडला की, स्रोत मोठमोठ्या पुंजक्यांनी विखुरलेले असतील तर जवळपासच्या तेजस्वी स्रोतांची तूट पडून वाढ चढी दिसू शकते आणि स्थायी अवस्थेला धक्का लागत नाही. या पर्यायाकडे पराभूत पक्षाचा हट्ट म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे आणि ती अन्यायाची आहे. १९५५ ची यादी दाखवून दिलेला निकाल एकदा फसला होता, तेव्हा दुसऱ्या निकालापुढे शंका ठेवणे हे प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरील पडताळ्याने, ठरते असे मानणाऱ्याचे कर्तव्यच होते. पडताळा पुढे बाहेरूनच आला: १९६५ मध्ये तप्त आरंभाचा अवशेष मानली जाणारी सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी सापडली, आणि १९७५ मध्ये गोविंद स्वरूप व विजय कपाही यांनी उटीच्या ५३० मीटर लांब दुर्बिणीने, चंद्राआड जाणाऱ्या स्रोतांचे आकार मोजून, मंद स्रोत सरासरीने लहान असतात आणि स्थायी अवस्थेशी हे जुळत नाही असे दाखवले. आकार मोजण्यात तीव्रतेच्या गणनेतले दोष शिरत नाहीत; त्याचे दोष वेगळे असतात, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन येते.

सामाईक चुकीची आठवण ठेवावी लागेल असे वर म्हटले ते खोडदच्याच एका सर्वेक्षणासाठी. तेथील दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ३७,००० चौरस अंश आकाश धुंडाळले आणि २०१७ मध्ये हॉइब इन्टेमा व सहकाऱ्यांनी आयनांबराचे दोष काढून सुमारे ६ लाख २० हजार स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. आपली सूर्यमाला सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने जात असल्यामुळे पुढच्या दिशेला स्रोत किंचित जास्त आणि मागे किंचित कमी दिसावेत, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. या यादीत तो सात टक्के निघाला. अक्षरशः घ्यायचे तर विश्व एका बाजूला कललेले आहे असा त्याचा अर्थ होतो. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड अॅरेच्या सर्वेक्षणाशी तुलना करून नताशा हर्ली-वॉकर यांनी दाखवले की खोडदच्या यादीत तीव्रतेची पट्टी आकाशाच्या वेगवेगळ्या ठिगळांत कमीजास्त झाली आहे. पट्टी एखाद्या ठिगळात दहा टक्क्यांनी चढली तर तेथली संख्याही साधारण तितकीच फुगते, आणि विश्व कलते. केंब्रिजनंतर साठ वर्षांनी बाधकज्ञान पुन्हा ऑस्ट्रेलियातूनच आले. दुरुस्त केलेली उपयादी उपलब्ध आहे, पण ऑस्ट्रेलियाचे ते सर्वेक्षण उत्तर आकाशात ३० अंशांच्या पुढे जात नाही. तेथे विचारायचा साक्षीदार म्हणजे नेदरलँड्समधील लोफार दुर्बीण, आणि तिच्या सर्वेक्षणात आयनांबराचे उशीर काढताना सुरुवातीचे आकाशचित्र म्हणून वापरली जाते ती खोडदचीच यादी. उशीर आणि तीव्रता ही दोन वेगळी परिमाणे आहेत, म्हणून येथे अन्योन्याश्रय होत नाही असे म्हणता येईल. तो होत नाही हे मात्र मोजूनच दाखवावे लागेल.